मनातले घड्याळ आणि भिंतीवरचे घड्याळ



दिवसभराचे काम उरकून तुम्ही इथे आलात. कोणी गुरांना वैरण टाकून आले, कोणी भाकऱ्या थापून, पोरांना जेवू घालून आल्या. अंग दमलेले आहे हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून फार वेळ घेणार नाही. पण आजचा विषयच वेळेचा आहे.

आम्ही काही मोठे विद्वान नाही. मॅट्रिक झालो, शाळामास्तर झालो, आणि शेवटी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. शाळेची घंटा इतकी वर्षे आमच्या हुकमाने वाजली. त्यामुळे वेळ म्हणजे काय ते आपल्याला चांगले कळते, असा आमचा समज होता. एका संध्याकाळी तो समज खोटा ठरला. ती हकिगत आज सांगायची आहे.

पण आधी एक गंमत करू. सगळ्यांनी डोळे मिटा. मनात आकडे मोजायचे नाहीत. एक मिनिट झाले असे वाटले की हात वर करा. आम्ही घड्याळ पाहतो.

झाले? आता डोळे उघडा. कोणाचा हात लवकर वर आला, कोणाचा उशिरा. काहींचा तर अजून खालीच आहे! मिनिट सगळ्यांचे एकच होते. मग हात वेगवेगळ्या वेळी का वर आले? कारण प्रत्येकाने आपापल्या मनातले घड्याळ पाहिले.

पूर्वी लग्नात घटिकापात्र ठेवत. पाण्याच्या भांड्यात एक वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी हळूहळू आत येई आणि वाटी भरून बुडे. ती बुडाली की एक घटका झाली. एका घटकेची २४ मिनिटे होतात. दिवस आणि रात्र मिळून ६० घटका. मुलीच्या बापाला घाई झाली म्हणून ती वाटी लवकर बुडत नसे. आणि वऱ्हाड उशिरा आले म्हणून थांबतही नसे.

बाहेरचे घड्याळ असे असते. त्याला राग नाही, लोभ नाही, भीती नाही. मनातले घड्याळ मात्र रागालोभावरच चालते. आनंदात ते पळते. भीतीत आणि वाट पाहताना ते जागचे हलत नाही. हे आपण बोलतोही. जत्रेतला दिवस 'कसा गेला कळलं नाही' म्हणतो. दवाखान्यातली रात्र 'सरता सरत नव्हती' म्हणतो. हे नुसते बोलणे आहे असे आम्हाला वाटे. पण या दोन घड्याळांतल्या फरकाने माणसाचा जीवही जाऊ शकतो. कसा, ते ऐका.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. संध्याकाळी आम्ही वस्तीकडच्या रस्त्याने फिरायला निघालो होतो. तेवढ्यात बांधावरून ओरडा ऐकू आला. आम्ही धावत गेलो. वस्तीवरचा एक तरुण मुलगा गवत कापत होता. गवतात घोणस होती. तिने त्याच्या पायाला चावा घेतला होता.

घरची माणसे गोळा झाली. कोणी म्हणाले, पाय दोरीने घट्ट बांधा. कोणी म्हणाले, जखम चिरून रक्त काढा. या दोन्ही गोष्टी करू नयेत, एवढे आम्हाला माहीत होते. आम्ही त्या करू दिल्या नाहीत. मुलाला आडवे निजवले. पाय हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या लावून फडक्याने सैल बांधला. त्याला म्हणालो, "घाबरू नकोस. यावर औषध आहे."

त्या मुलाची थोरली वहिनी आपल्याच वाचनवर्गाला येते. तिने मोबाईलवरून १०८ नंबर लावला. ही फुकट रुग्णवाहिकेची सेवा महाराष्ट्रात २०१४ सालापासून आहे. पलीकडून सांगितले, "अर्ध्या तासात गाडी पोचेल." मग तिने आणखी एक काम केले. पोराच्या वहीचे पान फाडले आणि त्यावर काही लिहिले. तेव्हा आमचे तिकडे नीट लक्ष नव्हते.

आम्ही वाट पाहू लागलो. मुलगा कण्हत होता. पाय सुजत होता. त्याची आई कपाळावर हात मारून रडत होती. गाडीचा पत्ता नाही. शेवटी मुलाचा चुलता उठला. म्हणाला, "तास झाला! गाडी काय येत न्हाई. खालच्या गावात मांत्रिक हाय. फटफटीवर घालून त्याच्याकडं नेऊ. काय गुरुजी?"

सगळे आमच्याकडे पाहू लागले.

मंडळी, आमच्या मनगटावर घड्याळ होते. पण आम्ही ते पाहिले नाही. आमची छाती धडधडत होती, घसा कोरडा पडला होता. तोंडातून शब्द गेले, "होय, तास तरी झाला असेल."

तेवढ्यात ती वहिनी हातात कागद धरून पुढे आली. म्हणाली, "न्हाई गुरुजी. फोन करून अठराच मिनिटं झालीत."

आम्ही कागद पाहिला. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते: 'साप चावला ६-१०. फोन ६-१४.' मोबाईलवर ६ वाजून ३२ मिनिटे झाली होती. आम्ही मनातल्या मनात शरमलो. घड्याळ कसे पाहावे हे तिला आम्हीच शिकवले होते, त्यालाही फार दिवस झाले नव्हते.

मांत्रिकाचे गाव उलट्या दिशेला होते. त्या वाटेने गेलो असतो तर गाडी चुकली असती. आम्ही चुलत्याला हाताला धरून खाली बसवले. ६ वाजून ४१ मिनिटांनी गाडी आली.

आता आपण विचार करू. अठरा मिनिटांचा तास कसा झाला? आम्ही खोटे बोलत होतो का? नाही. आम्हाला खरोखरच तास झाल्यासारखे वाटले होते. त्याची दोन कारणे सांगतो.

पहिले कारण लक्षाचे. चुलीवर दूध ठेवले आणि त्याच्याकडे टक लावून बसले, तर ते लवकर वर येत नाही. पाठ फिरवून शेजारणीशी दोन शब्द बोलले, की दूध उतू गेलेच! दुधाला तेवढाच वेळ लागतो. पण पहिल्या वेळी आपले सगळे लक्ष 'किती वेळ झाला, किती वेळ झाला' याकडे असते. लक्ष वेळेकडे लागले की वेळ लांबतो. लक्ष दुसरीकडे गेले की तो आखडतो. वाट पाहणाऱ्याचे सगळे लक्ष वेळेकडेच असते.

दुसरे कारण भीतीचे. भ्यालो की काळीज जोरात उडते, श्वास भराभर चालतो, सगळे अंग सावध होते. मग मन बारीकसारीक गोष्टही टिपून ठेवते. गवताचा वास, आईचा हुंदका, कुत्र्याचे भुंकणे. एरवी यातले काहीच ध्यानात राहत नाही. दुकानदाराच्या वहीत रोज एक पान भरत असेल आणि एखाद्या दिवशी तीन पाने भरली, तर पुढे ती वही चाळणाऱ्याला तो एक दिवस तीन दिवसांसारखा वाटेल. भीतीत मनाची वही अशीच भराभर भरते.

याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. ईगलमन नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सोबती यांनी माणसांना एका उंच मनोऱ्यावर नेले. तिथून त्यांना पाठीवर, मोकळे खाली सोडले. जवळजवळ शंभर फूट खाली जाळे बांधलेले होते. ते जाळ्यात अलगद पडत. पडायला अडीच सेकंद लागत. नंतर त्यांना विचारले, "किती वेळ पडत होता?" दुसरा माणूस पडताना जेवढा वेळ लागलेला त्यांना वाटे, त्याच्यापेक्षा स्वतःचे पडणे सुमारे एकतृतीयांशाने जास्त लांबलेले वाटले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांच्या मनगटावर एक यंत्र होते. त्यावर आकडे इतक्या भराभर लुकलुकत की साध्या डोळ्याला वाचता येत नसत. भीतीत खरोखर वेळ हळू होत असेल, तर पडताना ते आकडे वाचता यायला हवे होते. पण तसे झाले नाही. म्हणजे वेळ हळू झालाच नव्हता. पडण्याची आठवण तेवढी दाट झाली होती, म्हणून मागे वळून पाहताना तो वेळ लांब वाटला.

आता पुन्हा आपल्या गोष्टीकडे येऊ.

आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "साप किती वाजता चावला?" चुलता म्हणाला, "पाचाला." भाऊ म्हणाला, "दिवस बुडाल्यावर." तिघांनी तीन वेळा सांगितल्या असत्या, कारण आम्हीही तोंड उघडणारच होतो. तेवढ्यात वहिनीने कागद पुढे केला. डॉक्टरांनी तो वाचला आणि विचारले, "हे कोणी लिहिलं?" ती लाजून म्हणाली, "म्या." डॉक्टर म्हणाले, "फार चांगलं केलंत, बाई." चावल्याला किती वेळ झाला हे कळले, तर विष कुठवर चढले असेल याचा अंदाज डॉक्टरांना येतो.

मग डॉक्टरांनी मुलाचे थोडे रक्त एका कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतले. नळी उभी ठेवली. म्हणाले, "आता वीस मिनिटं हिला कोणी हात लावायचा नाही." आणि ते मुलाची नाडी आणि सूज पाहत तिथेच थांबले.

ही तपासणी तुम्हीही समजून घ्या. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. चांगले रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटांत गोठते. नळी तिरकी केली तरी ते वाहत नाही. वीस मिनिटांनीही रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष अंगात भिनले आहे असे समजावे. मग सापाच्या विषावरचे औषध सलाईनमधून देतात. ते औषध उगाच देत नाहीत, कारण काहींना त्याचाही त्रास होतो. म्हणून ती वीस मिनिटे फुकट जात नाहीत. त्या वेळात तपासणीच चाललेली असते.

पण मुलाच्या भावाला ती तशी वाटेनात. तो येरझारा घालू लागला. मुठी आवळू लागला. एकाएकी ओरडला, "अर्धा तास झाला! नळीकडं बघत बसलेत! माझ्या भावाला मारताय का?" आणि तो डॉक्टरांच्या अंगावर धावला. आम्ही आणि चुलत्याने त्याला अडवले. वहिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले. ती म्हणाली, "अवो, धाच मिनिटं झालीत. धा ऱ्हायलीत."

त्याने घड्याळाकडे पाहिले. त्याचा विश्वास बसेना. आम्ही त्याला बाहेर ओट्यावर नेले. 'गप्प बस' असे म्हणालो नाही. आम्ही विचारले, "भ्यायलास का?" तो आमच्याकडे पाहत राहिला आणि एकदम रडू लागला. म्हणाला, "गुरुजी, बापामागं म्या वाढवलाय त्याला." आम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो पोटभर रडला. मग त्याने नळावर तोंड धुतले. आम्ही म्हणालो, "आता आईला चहा पाज. ती मघापासून उपाशी आहे." तो चहा आणायला गेला. तो परत आला तेव्हा वीस मिनिटे होऊन गेली होती. त्याला कळलेही नव्हते.

डॉक्टरांनी नळी तिरकी केली. रक्त वाहिले. त्यांनी लगेच औषध सुरू केले. काही दिवसांनी तो मुलगा आपल्या पायांनी घरी आला. पहिली दहा मिनिटे आणि शेवटची दहा मिनिटे सारखीच होती. पहिल्या दहांत मारामारी होणार होती. शेवटच्या दहांत चहा झाला.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, राग गिळावा, भीती दाबावी, म्हणजे झालं." तसे नाही. आवरणे निराळे आणि दाबणे निराळे. पाझर तलावाला सांडवा ठेवतात. सांडवा नसेल तर पाणी बांधच फोडते. मनाचेही तसेच आहे.

व्होस आणि श्माइकेल या संशोधकांनी याची पाहणी केली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. काही माणसांना चित्रपटाचा एक तुकडा दाखवला. काहींना सांगितले, मोकळेपणी पाहा. काहींना मनात येईल ती भावना आवरायला सांगितले. नंतर विचारले, किती वेळ झाला? ज्यांनी भावनेशी झगडा केला, त्यांना तोच तुकडा जास्त लांब वाटला. मनाशी कुस्ती खेळणाऱ्याचा वेळ लांबतो तो असा.

हे आम्ही स्वतःही भोगले आहे. आमच्या घरची गेली, तेव्हा आम्ही चारचौघांत डोळ्याला पाणी येऊ दिले नाही. हेडमास्तर रडला तर लोक काय म्हणतील, असे वाटे. सगळे म्हणाले, गुरुजी मोठे धीराचे. पण दिवस डोंगराएवढा झाला. दुपारचे दोन वाजले की पाच वाजता वाजत नसत. भिंतीवरचे घड्याळ बंद पडले असे वाटून आम्ही ते दोनदा उतरवून पाहिले. ते बरोबर चालत होते.

मग एक दिवस आमची थोरली बहीण आली. ती काही बोलली नाही. तिने चूल पेटवली आणि आमच्या घरचीच्या हातची आमटी कशी असे, एवढेच विचारले. आम्ही सांगू लागलो आणि सांगता सांगता रडलो. त्या दिवशी संध्याकाळ कधी झाली ते समजले नाही. पुढे आम्ही हा वाचनवर्ग धरला. दुःख गेले असे नव्हे. पण दिवस पुन्हा दिवसाएवढा झाला.

सुखाच्या वेळीही मनातले घड्याळ फसवते. पारावर गप्पा रंगल्या की तास पाच मिनिटांसारखा जातो. मग म्हातारीची गोळी चुकते, शेवटची एसटी निघून जाते. तेव्हा सुखातही एकदा घड्याळ पाहावे.

आता चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. संकट आले की लगेच वेळ लिहून ठेवा. साप चावला, झटका आला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, कागदावर आकडा मांडा. कागद नसेल तर हातावर लिहा.

दुसरी. 'फार वेळ झाला' असे मनात येईल तेव्हा आधी घड्याळ पाहा, मग ठरवा. वेळ खरोखरच टळून गेली असेल, तर पुन्हा फोन करा किंवा जी गाडी मिळेल तिने दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे मात्र जाऊ नका.

तिसरी. भीती आणि दुःख दाबू नका. जवळच्या माणसाला सांगा, "मला भीती वाटते." सावकाश श्वास घ्या. हाताला काही काम द्या.

चौथी. दुसरा माणूस घाबरला असेल तर त्याला खोटा ठरवू नका. त्याचा वेळ खरोखरच लांबलेला असतो. रुसून कोपऱ्यात बसलेल्या पोराची पाच मिनिटे, बाजारातून धन्याची वाट पाहणाऱ्या बाईची रात्र, आजाऱ्याची पहाट, या आपल्या घड्याळाने मोजू नयेत. 'येतो' म्हणालो तर वेळेवर जावे. उशीर होणार असेल तर तसे कळवावे.

तो कागदाचा तुकडा त्या वहिनीने जपून ठेवला आहे. आम्ही एकदा पाहायला मागितला. त्यावर नंतर तिने आणखी एक ओळ लिहिली होती: 'गाडी ६-४१.' त्यातला 'ड' उलटा आला होता. आम्ही तो दुरुस्त केला नाही.

आज घरी गेल्यावर एवढे करा. घड्याळाखाली, नाहीतर दाराशेजारी, मोठ्या आकड्यांत १०८ लिहून ठेवा. शेजारी एक कागद आणि एक पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवा. त्याची गरज कधी न पडो. पण पडलीच तर तुमच्यातल्या कोणाला तरी लिहिता येते, ही मोठी गोष्ट आहे.

आता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा. आम्ही फार बोललो का थोडे, ते तुमचे तुम्हीच ठरवा. रामराम.